भाग ४१ : शिकारीसाठी कंपाउंड बो घ्यायचाय, कुठली कंपनी?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो, 'अं' 'हं' केलं, तेवढं काढलंय. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.

प्रश्न असा आला होता : "मी सोलापूरजवळ राहतो. शेत आहे, रानडुकरांचा त्रास आहे. यूट्यूबवर बघून कंपाउंड बो घ्यायचा ठरवलाय. हॉइट, मॅथ्यूज, पीएसई, बोटेक यातला शिकारीसाठी कुठला चांगला? बजेट दीड लाख." असाच प्रश्न थोड्याफार फरकाने आणखी तिघा-चौघांनी विचारलाय. एकाला ससे-तितरांसाठी हवाय, एकाला 'फक्त हौस' म्हणून.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला छोटा आणि कडू. दुसरा मोठा आणि कामाचा.

आधी कडू भाग : इथे शिकार हा गुन्हा आहे

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या कलम ९ ने परिशिष्टातल्या वन्य प्राण्यांची शिकार बंद केलेली आहे. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्या बोलण्यातल्या शिकारीपेक्षा बरीच मोठी आहे. मारणं तर आलंच. पकडणं, फासा लावणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे बाण सोडला, नेम चुकला, जनावर पळून गेलं, तरी शिकारच.

आपल्या जिल्ह्यात तर जास्तच जपावं लागतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. त्या माळावर काळवीट सहज दिसतात, आणि काळवीट परिशिष्ट एकमध्ये आहे. परिशिष्ट एकमधला प्राणी मारला किंवा अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, वर दंड. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि गाडी सरकारजमा होते. दीड लाखाचं धनुष्य आणि त्यासोबत बोलेरोपण जाणार, असं समजा. 'आमचं ससा-तितर म्हणजे छोटी शिकार' हा युक्तिवादही चालत नाही. जनावर छोटं म्हणून कायदा डोळेझाक करत नाही.

मग रानडुकराचं काय? मका, ऊस, भुईमूग एका रात्रीत आडवा करतात, हे खरंच आहे. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याचा रस्ता वनखात्यातून जातो. नुकसान झालं की लगेच वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवायचं, फोटो काढायचे, पंचनामा करून घ्यायचा, नुकसानभरपाईचा अर्ज भरायचा. जनावर मारायची परवानगी द्यायचा अधिकार कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्यांकडे आहे, ती लेखी असते आणि कारणासकट असते. तुमच्या हातात लेखी कागद नसेल तर तुम्ही शिकारी नाही, आरोपी आहात.

कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट सांगतो. बाण गोळीसारखा धक्का देऊन पाडत नाही. तो आतून कापतो आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. त्याला वेळ लागतो. नवख्या माणसाचा बाण पोटात नाहीतर मांडीत लागतो, जनावर तसंच उसात शिरतं आणि तिथं दोन दिवस तडफडतं. आणि जखमी डुक्कर असलेल्या फडात दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीवाले आणि त्यांची पोरं जातात. हा विचार यूट्यूबच्या व्हिडिओत नसतो.

मग ते व्हिडिओ कुणासाठी असतात?

अमेरिकेसाठी. तिकडे शिकारीचा परवाना मिळतो, धनुष्याच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, किती जनावरं मारायची याला मर्यादा असते, आणि बऱ्याच राज्यांत आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. गंमत बघा, १९७२ साली आपण शिकार बंद केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलून धनुष्यबाणाच्या सामानावर ११ टक्के कर लावायचं ठरवलं, ज्याचा पैसा वन्यजीव सांभाळायला जातो. दोन देशांनी एकाच काळात दोन उलट वाटा घेतल्या. त्यामुळे तिकडच्या माणसाचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही.

या मोठ्या कंपन्यांचा धंदा मुख्यत: त्या शिकारी बाजारावर चालतो. म्हणून त्यांच्या जाहिराती, त्यांचे दरवर्षीचे नवे मॉडेल, आणि त्यांच्यावरची भांडणं सगळी शिकारीच्या भाषेत असतात. आपण ती भाषा उचलतो आणि चुकीची वस्तू घेतो.

आता कामाचा भाग

कंपाउंड बो घ्यायला आपल्याकडे चांगलं कारण आहे, आणि ते साताऱ्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंडची वैयक्तिक विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारले आणि पोलंडच्या खेळाडूला एका गुणाने मागं टाकलं. १५ बाण, १५ दहा. दोघांचंही शिक्षण साताऱ्याच्या दृष्टी अकॅडमीत, प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे झालेलं. त्याआधी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवलं होतं. हँगझाऊच्या एशियाडमध्ये ओजसने तीन सुवर्णं आणली. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे.

म्हणजे कंपाउंडच्या बाबतीत महाराष्ट्र मागं नाही, पुढं आहे. तेव्हा पुढचं सगळं मी टार्गेटच्या, म्हणजे लक्ष्यभेदाच्या अंगाने सांगतो.

हे यंत्र चालतं कसं?

अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन या माणसाने १९६६ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. कल्पना एका ओळीची : धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवायची, पण केंद्राच्या बाहेर.

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत यंत्रमाग आहे त्यांनी टॅपेट बघितलेलं असतं. गोल फिरणारं वेडंवाकडं चाक, ज्याच्या आकारामुळं जोर कधी लागायचा आणि कधी सुटायचा हे ठरतं. धनुष्यावरचा कॅम हा त्याच जातीचा. साध्या धनुष्यात जितकं ओढाल तितका जोर वाढत जातो. कंपाउंडमध्ये जोर आधी झपाट्याने वाढतो, शिखरावर राहतो, आणि शेवटी कॅम पलटी घेतो तसा एकदम उतरतो. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात.

हिशोब करू. ६० पौंडांचं धनुष्य म्हणजे साधारण २७ किलोचा ताण. लेट-ऑफ ८० टक्के असेल तर पूर्ण ताणल्यावर हातात फक्त १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास उरतात. म्हणून नेमबाज शांतपणे भिंगातून बघत, श्वास सांभाळत थांबू शकतो. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्यात ही चैन नाही.

आता शब्द चार-पाचच लक्षात ठेवा. मधला धातूचा सांगाडा तो रायझर. वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या त्या लिंब. चाकं ते कॅम. दोन कॅमच्या आसांमधलं अंतर ते एक्सल-टू-एक्सल. पूर्ण ओढल्यावर दोरी किती मागं येते ती ड्रॉ लेंग्थ. शिखरावरचा जोर तो ड्रॉ वेट.

शिकारी धनुष्य आणि टार्गेट धनुष्य, फरक काय?

शिकारी धनुष्य आखूड असतं, एक्सल-टू-एक्सल साधारण २८ ते ३३ इंच, कारण झाडावरच्या मचाणात किंवा झुडपात ते अडकू नये. टार्गेटचं लांब, ३६ ते ४० इंच. लांब धनुष्य हातात स्थिर राहतं, हात थरथरला तरी कमी वळतं, आणि दोरीचा कोन कमी तीव्र असल्याने नाक-हनुवटीला दोरी नीट टेकते. आखूड धनुष्यावर शिकलेल्या माणसाला 'माझाच हात हलतोय' असं वाटत राहतं. निम्मा दोष धनुष्याचा असतो.

शिकारी धनुष्य बहुतेकदा ६०-७० पौंडांच्या पट्ट्यात येतं. आंतरराष्ट्रीय टार्गेट नियमांत कमाल मर्यादा ६० पौंड आहे. म्हणजे ६० ते ७० मध्ये फिरणारं धनुष्य घेतलं तर ते सगळ्यात खाली आणूनही तुम्ही मर्यादेच्या काठावर उभे. तपासणीत काटा ६०.५ दाखवला की बाहेर.

आणि आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. जागतिक तिरंदाजीच्या नियमांनुसार खेळाडूच्या सामानावर कॅमोफ्लाज, म्हणजे पानाफांद्यांचा जंगली रंग चालत नाही. ऑनलाइन मिळणारी स्वस्त 'हंटिंग किट' नेमकी त्याच रंगात असतात. दिसायला भारी, स्पर्धेला निरुपयोगी.

वेगाचा आकडा : सगळ्यात मोठी भुरळ

प्रत्येक कंपनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात आकडा छापते, ३३०, ३४०, ३५० फूट प्रतिसेकंद. हा आकडा कसा काढतात? ७० पौंड ताण, ३० इंच ड्रॉ लेंग्थ, ३५० ग्रेनचा हलका बाण. आता साडेपाच फुटांच्या माणसाची ड्रॉ लेंग्थ २६-२७ इंच, त्याने धनुष्य लावलंय ५० पौंडांवर, आणि बाण जरा जड. त्याच्या हातात तो आकडा कधीच येणार नाही. बाइकच्या मायलेजसारखंच हे, कंपनीच्या रस्त्यावरचं वेगळं, होटगी रोडवरचं वेगळं.

बरं, समजा वेग मिळाला. त्याने होतं काय? मी हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने स्प्रेडशीटमध्ये मांडून बघितलं, हवेचा विरोध सोडून. ५० मीटरवर ३०० फूट प्रतिसेकंदाचा बाण पोचायला सुमारे ०.५५ सेकंद घेतो आणि तेवढ्यात सरळ रेषेपेक्षा साधारण १४७ सेंटिमीटर खाली येतो. ३१० फुटांचा बाण १३७ सेंटिमीटर. फरक ९-१० सेंटिमीटर. ऐकायला मोठा वाटतो, पण टार्गेटमध्ये अंतर ठरलेलं असतं, कंपाउंडला ५० मीटर. तुम्ही साइट एकदा खालीवर करून लावली की तो फरक शून्य.

वेगाचा खरा फायदा अंतर माहीत नसताना. समजा जनावर ५३ मीटरवर आहे आणि शिकाऱ्याने ५० धरलं. ३०० फुटांचा बाण सुमारे ९.३ सेंटिमीटर खाली लागेल, ३१० फुटांचा ८.७. म्हणजे १० फूट जास्त वेगाने चूक सुधारली किती? सहा मिलिमीटर. याच १० फुटांसाठी लोक वीस-तीस हजार जास्त मोजतात, आणि वेगवान कॅम ओढायला जास्त हट्टी असतो ते वेगळंच.

टार्गेटच्या कागदावर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं. तिथं तुम्हाला वेग नाही, प्रत्येक वेळी तोच वेग हवा. सारखेपणा. आमच्या धंद्यात म्हणतो तसं, सरासरी नाही, चढउतार बघा.

कंपनी निवडायच्या आधीचे तीन प्रश्न

पहिला : तुमचं माप किती? भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा. मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा, २.५ ने भागा. ६६ इंच आलं तर २६.४, म्हणजे साडेसव्वीसच्या आसपास सुरुवात. पक्कं माप प्रशिक्षकच ठरवेल. कंपाउंडमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कॅम एका ठरावीक जागी थांबतो. चपलेसारखं आहे, दहा नंबर पायाला आठची चप्पल कंपनी कितीही भारी असली तरी चावणारच. काही धनुष्यांत मॉड्युल फिरवून ड्रॉ लेंग्थ बदलते, काहींत प्रत्येक अर्ध्या इंचाला वेगळं मॉड्युल किंवा वेगळा कॅम विकत घ्यावा लागतो. घ्यायच्या आधी हे विचारा. वाढत्या वयाचं पोर असेल तर दोनदा विचारा.

दुसरा : दुरुस्ती कुठे होणार? कंपाउंडची दोरी बदलायची तर बो प्रेस नावाचं यंत्र लागतं, जे लिंब दाबून दोरी सैल करतं. घरी पाना-पक्कड घेऊन हे करायला गेलात तर लिंब सुटून तोंडावर येऊ शकतो. दोरी आणि केबल नियमित सराव असेल तर वर्ष-दोन वर्षांत बदलाव्या लागतात. तुम्ही ज्या अकॅडमीत शिकणार तिथं प्रेस आहे का, तिथले प्रशिक्षक कुठली कंपनी हाताळतात, सुटे भाग किती दिवसांत येतात? साताऱ्यात किंवा पुण्यात ज्याची दुरुस्ती होते ती कंपनी, सोलापूरच्या माणसासाठी जगातल्या सर्वोत्तम कंपनीपेक्षा चांगली.

तिसरा : उरलेल्या सामानाचे पैसे कुठून? धनुष्य एकटं काही मारत नाही. साइट आणि भिंग, रिलीज, म्हणजे दोरी सोडायचं हातातलं यंत्र, बाणाचा आधार, दोरीतलं पीप, समतोलाच्या काठ्या, बाण, केस. माझं मत असं, की एकूण बजेटच्या साठ टक्क्यांवर धनुष्य जाऊ देऊ नये. दीड लाखाचं धनुष्य आणि चुकीचे बाण यापेक्षा ऐंशी हजारांचं धनुष्य आणि बरोबर बाण कधीही बरे.

बाणाचं 'बरोबर' म्हणजे काय? त्याचा ताठरपणा, स्पाइन. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. आकडा जितका कमी तितका बाण ताठ. तुमचा ताण, तुमची ड्रॉ लेंग्थ आणि बाणाची लांबी बघून तक्त्यातून निवडायचा. आणि फार हलका बाण नको. कंपन्या साधारण दर पौंडाला किमान ५ ग्रेन वजन मागतात. ५० पौंडांना २५० ग्रेनच्या खाली गेलात तर धनुष्याला रिकामं सोडल्यासारखा झटका बसतो.

आता कंपन्या

हॉइट १९३१ पासूनची, आज अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची. रिकर्व्ह आणि कंपाउंड दोन्हीत टार्गेटचा जुना वारसा. लांब टार्गेट मॉडेलं नियमित काढते, कॅमचे प्रकार जास्त, त्यामुळे मापात बसवून घ्यायला वाव आहे. पण त्याच कारणाने जुनं मॉडेल घेताना नेमकं कुठलं मॉड्युल लागतं ते खात्री करून घ्या.

मॅथ्यूज विस्कॉन्सिनची, १९९२ मध्ये मॅट मॅकफर्सनने सुरू केलेली. मूळ नाव झालं एका कॅमच्या रचनेवर. हातात झटका कमी, आवाज कमी, टीआरएक्स आणि टायटल या टार्गेटच्या मालिका प्रसिद्ध. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत ड्रॉ लेंग्थ आणि शिखराचा ताण मॉड्युलवर ठरतो, म्हणजे बदल हवा तर सुटा भाग मागवावा लागतो. किंमत चढी.

पीएसई, म्हणजे प्रिसिजन शूटिंग इक्विपमेंट, पीट शेपलीची १९७० च्या सुमारास सुरू झालेली, आता ॲरिझोनातली. स्वस्तापासून वरच्या दर्जापर्यंत सगळी शिडी एकाच कंपनीत मिळते. टार्गेटमध्ये सुप्रा, डॉमिनेटर ही नावं ऐकू येतील. बजेट मधलं असेल तर इथून शोध सुरू करायला हरकत नाही.

बोटेक ओरेगनची. त्यांच्या डेडलॉक रचनेत कॅम प्रेसशिवाय, नुसत्या षटकोनी किल्लीने बाजूला सरकवून बाण सरळ उडवायची जुळवणी करता येते. प्रेस लांब आहे अशा गावात हा खरा फायदा. त्यांचीच डायमंड नावाची शाखा खूप पट्ट्यात बदलणारी धनुष्यं काढते, काही मॉडेलं ५ ते ७० पौंडांपर्यंत फिरतात. घरात दोन भावंडं आणि बाप तिघांनी एकच वापरायचं असेल तर सोयीचं. मात्र इतकं सगळं जमवणारं धनुष्य आखूड असतं, वरच्या स्पर्धेत पुढे बदलावं लागेल हे धरून चला.

जेनेसिस हे मुलांसाठी. ताण १० ते २० पौंड, लेट-ऑफ नाही, आणि ड्रॉ लेंग्थ ठरलेली नाही, १५ ते ३० इंचांत कुणीही ओढू शकतं. अमेरिकेतल्या शाळांच्या कार्यक्रमात हेच वापरतात. सहावी-सातवीतल्या पोराला महागडं टार्गेट धनुष्य घेऊन देण्यापेक्षा एक वर्ष यावर किंवा लाकडी इंडियन राउंडवर घालवू द्या. शरीर तयार होतं आणि आवड टिकते का तेही कळतं.

चिनी बनावटीची धनुष्यंही येतात, निम्म्याहून कमी किमतीत. सगळी टाकाऊ नाहीत. प्रश्न एकच विचारा : दोन वर्षांनी याचं मॉड्युल आणि लिंब मिळेल का? विकणाऱ्याने विषय बदलला तर तुम्हीही दुकान बदला.

जुनं घेताय?

खेळाडू वरचं मॉडेल घेतात तेव्हा जुनं विकतात. तिथं चांगला सौदा मिळतो. पण बहुतेक मोठ्या कंपन्यांची वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, हे लक्षात ठेवा. कापसाचा बोळा लिंबच्या कडांवरून हळू फिरवा, तंतू अडकला तर तिथं चीर असण्याची शक्यता. कॅम फिरवून पाहा, वाकलेला आहे का. दोरीचं गुंडाळलेलं आवरण सुटलंय का. आणि थेट विचारा, "कधी ड्राय फायर झालाय का?"

ड्राय फायर म्हणजे बाण न लावता दोरी सोडणं. बाण जी ऊर्जा घेऊन जायचा ती सगळी धनुष्यात परत जाते. लिंब फुटतो, कॅम वाकतो, दोरी तुटून डोळ्यावर येऊ शकते. पाहुणे घरी आले की "बघू बघू" म्हणत पहिलं हेच करतात. म्हणून धनुष्य भिंतीवर शोभेला टांगू नका, केसमध्ये कुलपात ठेवा.

सोलापूरची खास काळजी

आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. बंद गाडीत धनुष्य ठेवून जेवायला जाऊ नका. उष्णतेने लिंबचे चिकटवलेले थर, दोरीचं मेण, सगळ्यावर परिणाम होतो. दोरी किंचित ताणली तरी पीप फिरतं आणि बाण वरखाली जायला लागतात, आणि माणूस स्वत:ला दोष देत बसतो.

गच्चीवर सराव नको. वर सांगितलेल्या वेगाचा बाण चुकून वरच्या दिशेला सुटला तर काही शे मीटर जातो. ऊर्जेचा हिशोब सांगतो : ३५० ग्रेनचा बाण २८० फूट वेगाने म्हणजे साधारण ८० जूल. कठडा, जाळी, पुठ्ठ्याचा खोका यातलं काहीही त्याला अडवत नाही. मागं मातीचा बांध, बाजूला कुणी नाही, आणि दोरी ओढताना बाण कायम लक्ष्याच्या पातळीत. एवढं नसेल तर सराव नाही.

धनुष्याला बंदुकीसारखा परवाना घ्यावा लागत नाही. पण सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या काळात पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा खांद्यावर उघडं धनुष्य टाकून सात रस्त्यावरून जाण्यात शहाणपण नाही. केस बंद, सोबत क्लबचं ओळखपत्र.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर

शेतकरी दादा, रानडुकरासाठी कुठलीच कंपनी नाही. त्या दीड लाखातलं थोडं कुंपणाला घाला, आणि वनखात्यात अर्ज करा, अर्जाची पोच घ्या, पाठपुरावा करा. कटकटीचं आहे, मान्य. पण कोर्टाच्या तारखांपेक्षा कमी कटकटीचं.

हौस असेल, किंवा घरातल्या मुलीला-मुलाला शिकवायचं असेल, तर क्रम असा ठेवा. आधी अकॅडमी, तिथल्या धनुष्यावर तीन महिने. मग माप. मग तिथं दुरुस्त होऊ शकणाऱ्या कंपन्यांची यादी, ती बहुतेक दोन-तीनचीच निघेल. त्यातलं ३६ इंचांच्या पुढचं, ४० ते ५० किंवा ५० ते ६० पौंडांच्या पट्ट्यातलं, जंगली रंग नसलेलं. प्रत्येकी दहा-दहा बाण मारून बघा. ज्याचे बाण जास्त जवळ जवळ लागले ते घ्या, पुठ्ठ्यावर काहीही लिहिलेलं असो.

आणि अमेरिकेतून ऐकणाऱ्या मंडळींसाठी एक ओळ : तुमच्याकडे परवाना आणि हंगाम आहे, पण किमान ताण किती हवा हे राज्यागणिक बदलतं, ते तुमच्या राज्याच्या वन्यजीव विभागाकडून तपासा. आणि ते धनुष्य सुट्टीत गावाकडे आणून 'जरा माळावर जाऊन येतो' असं करू नका. तो कागद नान्नजच्या माळावर चालत नाही.

पुढच्या भागात बाणांवर बोलू, कार्बन की ॲल्युमिनियम, आणि स्वत: बाण जुळवायचे कसे. प्रश्न पाठवत राहा. भेटूच.